बाकी वेगळी, थकबाकी वेगळी : एकही हप्ता न चुकता सिबिल का उतरतो?

"एकही हप्ता चुकवला नाही, कार्डाचं बिल वेळेत भरतो, तरी सिबिल चाळीसने खाली कसा आला?" बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरासाठी किंवा दुकानासाठी कर्ज काढायला निघालेल्या अनेकांना हा प्रश्न पडतो. बँकेतून नेमकं उत्तर मिळतंच असं नाही. मग कुणीतरी एजंट भेटतो, "सिबिल वाढवून देतो" म्हणतो, काही हजार रुपये घेतो आणि गायब होतो. खरं तर या प्रश्नाचं उत्तर फारसं गूढ नाही. आपण ज्याला 'बाकी' म्हणतो आणि ज्याला 'थकबाकी' म्हणतो, त्यातला फरक लक्षात घेतला की अर्धं कोडं सुटतं. उरलेलं अर्धं सुटतं ते तारखा बघितल्यावर.

थकबाकी म्हणजे मुदत उलटूनही न भरलेला पैसा. बाकी म्हणजे अजून मुदत न संपलेलं देणं. दुकानदाराच्या वहीत बाकी असणं गुन्हा नाही, थकबाकी असणं वाईट. कर्जाचा इतिहास तपासणाऱ्या कंपन्या मात्र दोन्ही बघतात. थकबाकीला त्या जास्त कडक शिक्षा देतात, बाकीला कमी. पण बाकीचीही शिक्षा असते. क्रेडिट कार्ड वापरणाऱ्या प्रामाणिक माणसाचा स्कोअर उतरतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणाने.

सिबिल म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडे 'सिबिल' हा शब्द स्कोअरसाठीच रूढ झाला आहे, पण ते एका कंपनीचं नाव. २००० साली ती सुरू झाली आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने चालते. तिच्याबरोबर एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या देशात आहेत. २००५ च्या कायद्याखाली त्या काम करतात आणि त्यांच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची असते. बँका, वित्त कंपन्या, गृहकर्ज कंपन्या, कार्ड देणाऱ्या कंपन्या यांनी आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चारही ठिकाणी पाठवायची असते. त्या माहितीवरून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढला जातो. तोच स्कोअर.

प्रत्येक कंपनीचं सूत्र आपलं आपलं आहे. म्हणून एकाच माणसाचा स्कोअर एकीकडे ७६२ आणि दुसरीकडे ७३५ दिसू शकतो. त्यात चूक असेलच असं नाही. ७५० च्या वर असला की बँका चांगला मानतात, पण तो रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँक आपली रेषा आपण ठरवते.

या आकड्यात काय येत नाही हेही माहीत असलेलं बरं. तुमचा पगार येत नाही. बचत खात्यातली शिल्लक, ठेवी, शेतजमीन, डेबिट कार्डाचा वापर, खात्यातून केलेलं यूपीआय, यातलं काहीच येत नाही. दहा लाखांची ठेव असलेल्या निवृत्त शिक्षकाने कधी कर्जच घेतलं नसेल तर त्याच्या सिबिलच्या अहवालात उणे एक असं दिसतं. त्याचा अर्थ वाईट नव्हे, इतिहास नाही एवढाच. स्कोअर तुमची ऐपत मोजत नाही. घेतलेलं उधार तुम्ही कसं वापरता आणि कसं फेडता, तेवढंच मोजतो.

पंधरवड्याचा फोटो

आता तारखांकडे येऊ. पूर्वी बँका ही माहिती महिन्यातून एकदा पाठवायच्या. रिझर्व्ह बँकेने ८ ऑगस्ट २०२४ रोजी परिपत्रक काढलं आणि १ जानेवारी २०२५ पासून ती महिन्यातून दोनदा पाठवणं बंधनकारक केलं : एकदा १५ तारखेची स्थिती, एकदा महिनाअखेरची. बँकेने ती सात दिवसांत द्यायची आणि कंपनीने पुढच्या पाच दिवसांत नोंदवायची. सप्टेंबर २०२५ मध्ये ही माहिती आठवड्याला पाठवावी असा मसुदाही रिझर्व्ह बँकेने काढला. अंतर आणखी कमी करायचं, हीच दिशा आहे.

म्हणजे तुमच्या कार्डाचा दर पंधरवड्याला एक फोटो काढला जातो असं समजा. त्या फोटोत दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात : कार्डाची मर्यादा किती आणि त्यावर बाकी किती. बाकी भागिले मर्यादा हे प्रमाण जितकं मोठं, तितका हा माणूस उधारीवर चालला आहे असा अर्थ यंत्र काढतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही सगळे पैसे भरणार आहात, हे त्या फोटोत दिसत नाही.

एक हिशोब मांडून बघू. समजा एका कार्डाची मर्यादा एक लाख आहे. बिल १२ तारखेला तयार होतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १. मुलाच्या कॉलेजची ७२ हजारांची फी १० तारखेला कार्डावरून भरली. १२ ला बिल आलं. १५ तारखेच्या फोटोत बाकी ७२ टक्के. महिनाअखेरच्या फोटोतही ७२ टक्के, कारण भरायची तारीख अजून यायची आहे. १ तारखेला सगळे ७२ हजार भरले. एक पैसा व्याज लागलं नाही, उशीर झाला नाही, बँकेची तक्रार नाही. तरीही लागोपाठ दोन फोटोंत तुम्ही मर्यादेच्या जवळजवळ तीन चतुर्थांश उधारीत दिसलात. याच काळात गृहकर्जाचा अर्ज गेला तर साहेबांच्या समोर तोच आकडा येणार.

आता तेच ७२ हजार १३ तारखेला, म्हणजे बिल आल्याच्या दुसऱ्या दिवशी भरले असते तर दोन्ही फोटोंत बाकी जवळपास शून्य दिसली असती. खर्च तोच, पैसे तेच, फरक फक्त दिवसांचा.

म्हणून 'वेळेत भरलं' याचे दोन अर्थ आहेत. बँकेच्या दृष्टीने वेळेत म्हणजे शेवटच्या तारखेच्या आत. स्कोअरच्या दृष्टीने बाकी कमी दिसायची असेल तर फोटोच्या तारखेच्या आत. पहिली वेळ चुकली तर दंड, व्याज आणि नोंद, सगळं लागतं. दुसरी चुकली तर दंड नाही, फक्त स्कोअर काही काळ दबतो आणि पुढच्या फोटोंत बाकी उतरली की सहसा पुन्हा वर येतो. हा फरक कळला तर निम्मी घबराट कमी होईल. पण महिन्यामागून महिने कार्ड काठोकाठ भरलेलंच असेल, तर त्याला तात्पुरता फुगवटा म्हणता येत नाही. तो खरोखरच कर्जात रुतत चालल्याचा इशारा आहे.

मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत बाकी ठेवा, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. अंगठ्याचा नियम म्हणून तो ठीक आहे, पण ३० ला सुरक्षित आणि ३१ ला धोका अशी भिंत तिथे नाही. कमी तितकं चांगलं, एवढंच.

खर्च न करताही प्रमाण वाढतं

प्रमाण म्हटलं की त्याला वरचा आकडा असतो तसा खालचाही असतो. बाकी तेवढीच राहून मर्यादा कमी झाली तरी प्रमाण वाढतं. समजा दोन कार्डं आहेत, एक एक लाखाचं आणि एक ५० हजारांचं. एकूण बाकी ४५ हजार, म्हणजे ३० टक्के. "दुसरं कार्ड उगीच पडून आहे" म्हणून ते बंद केलं, की तीच बाकी ४५ टक्के होते. जुनं कार्ड बंद करण्यात चूक काही नाही. वार्षिक शुल्क लागत असेल किंवा हात सैल सुटत असेल तर जरूर बंद करावं. पण मोठ्या कर्जाचा अर्ज तोंडावर असताना नको.

कधी कधी बँक स्वतःच मर्यादा खाली आणते. नियमानुसार मर्यादा वाढवायची तर ग्राहकाची स्पष्ट संमती लागते आणि कमी केली तर त्याला कळवावं लागतं. त्यामुळे बँकेचे मेसेज न वाचता पुसून टाकायची सवय इथे महागात पडते.

मोठी खरेदी ईएमआयमध्ये बदलून घेतली म्हणून ती रक्कम लगेच नाहीशी होत नाही. ती मर्यादेतून अडकून राहते आणि हप्ते भरले जातील तशी थोडी थोडी सुटते. घरातल्या मुलाला दिलेल्या जोडकार्डाचा खर्चही मूळ कार्डधारकाच्याच खात्यावर पडतो. तसंच रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय २०२२ मध्ये आली. तेव्हापासून किराणा, भाजी, चहा सगळंच क्यूआरवर उधारीत जाऊ लागलं. बोटाच्या एका टोकाने खात्यातून पैसे गेले की कार्डातून, हे बघितलं जात नाही आणि महिनाअखेरीला बाकी कुठून आली याचा पत्ता लागत नाही.

मोबाईल ॲपवरची "आता घ्या, नंतर द्या" वाली छोटी उधारीही यातून सुटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी अशा प्रत्येक कर्जाची नोंद पाठवणं सक्तीचं केलं. हजार रुपयांची उधारीसुद्धा अहवालात एक स्वतंत्र कर्ज म्हणून बसते. आणि चार ठिकाणी कर्जासाठी विचारणा केली, की प्रत्येक बँकेने अहवाल उघडल्याची नोंद होते. थोड्या दिवसांत अशा नोंदी साठल्या तर हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असं दिसतं. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर अजिबात कमी होत नाही. ही भीती उगाचच पसरली आहे.

'किमान रक्कम' भरून काय होतं

"कार्डावर थोडी बाकी ठेवली तर सिबिल वाढतो" असा एक सल्ला गल्लोगल्ली दिला जातो. तो चुकीचा आहे. कार्ड वापरलं आणि बिल पूर्ण भरलं की इतिहास तयार होतोच. बाकी मागे ठेवून मिळतं ते फक्त व्याज.

बिलावर एकूण रकमेच्या शेजारी एक छोटी 'किमान देय रक्कम' छापलेली असते. तेवढी भरली तर थकबाकीची नोंद होत नाही हे खरं. पण बाकी जिथल्या तिथे राहते, म्हणजे प्रमाण चढतंच, आणि व्याज सुरू होतं. समजा बाकी ५० हजार, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे २,५०० रुपये. व्याजाचे १,७५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५, असे २,०६५ रुपये आधीच गेले. मुद्दल उतरलं ४३५ रुपयांनी. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. वर्षाला ४० टक्क्यांच्या पुढे जाणाऱ्या या व्याजाला आता निश्चित वरची मर्यादाही नाही. ग्राहक आयोगाने २००८ साली घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली.

ज्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही, त्याने स्कोअरची चिंता नंतर करावी. आधी कमी व्याजाचं साधं कर्ज काढून कार्डाची बाकी मिटवणं आणि कार्ड काही महिने कपाटात ठेवणं, यात जास्त शहाणपण आहे.

आकड्यावर काय अवलंबून असतं

हे सगळं एवढं महत्त्वाचं का? कारण ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधली गेली आणि त्यावर कर्जदाराच्या जोखमीनुसार अधिकचं व्याज लावलं जातं. बऱ्याच बँका ही जोखीम स्कोअरवरूनच ठरवतात. २५ लाखांचं २० वर्षांचं कर्ज आठ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता सुमारे २०,९११ रुपये. साडेआठने मिळालं तर २१,६९६. महिन्याला ७८५ चा फरक म्हणजे वीस वर्षांत सुमारे १ लाख ८८ हजार. एका पंधरवड्याच्या फोटोमुळे दर अर्ध्या टक्क्याने वर बसला तर एवढी किंमत.

नोकरीवरही त्याची सावली पडते आहे. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खराब कर्ज-इतिहासाच्या कारणावरून स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली तो निर्णय योग्य ठरवला. बँक परीक्षांची तयारी करणारी आपल्या भागातली मुलं कॉलेजच्या दिवसांत ॲपवरून मोबाईल घेतात आणि शेवटचे दोन हप्ते विसरतात, त्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. ही थकबाकी आहे, बाकी नव्हे. हप्ते वेळेवर आले की नाही याचा ३६ महिन्यांपर्यंतचा हिशोब अहवालात दिसतो.

आपल्या भागाची अडचण वेगळी

आता थोडं आपल्याकडे बघू. बेळगाव आणि भोवतालच्या भागात माणसं पतसंस्था, सौहार्द सहकारी संस्था, भिशी यांच्यावर चालतात. वडगाव-शहापूरचा विणकर असो, उद्यमबागेतला फाउंड्री कामगार असो की खानापूरचा शेतकरी, गरजेला पहिला पाय संस्थेच्या पायरीवर पडतो. वीस-वीस वर्षं लोकांनी तिथे वेळेवर कर्जं फेडली आहेत. पण पतसंस्था ही बँक नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या या व्यवस्थेत बसत नाही, आणि तिथली चांगली परतफेड साधारणपणे स्कोअरमध्ये कुठेच दिसत नाही. सहकारी बँकांचं तसं नाही. त्यांना माहिती पाठवावी लागते. याचा परिणाम असा की संस्थेच्या वहीत ज्याचं नाव सोन्यासारखं, तोच बँकेच्या संगणकात कोरा निघतो. एका कार्डावर तीन महिन्यांची बाकी मात्र लख्ख दिसते.

दुसरी गोष्ट जामीनकीची. "भावकीतला आहे, नाही कसं म्हणायचं" म्हणून आपण सही करतो. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात की ते कर्ज तुमच्या अहवालात जामीनदार म्हणून येतं. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर तुमचाही स्कोअर पडतो, आणि ते तुम्हाला कळतं ते स्वतःच्या कर्जाच्या वेळी. सही करू नका असं कुणी सांगणार नाही, आपल्याकडे ते शक्यही नाही. पण ज्याला जामीन राहिलात त्याचे हप्ते चालू आहेत का, हे वर्षातून एकदा तरी आपल्या अहवालात बघायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट उसाच्या पैशाची. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं, नाही तर १५ टक्के व्याज. प्रत्यक्षात काय होतं ते जिल्ह्यातल्या कुठल्याही ऊस उत्पादकाला विचारा. कारखान्याचं बिल लांबलं की शेतकऱ्याचा बँकेतला हप्ता लांबतो. नोंद होते शेतकऱ्याची. त्याला बिल कुणामुळे मिळालं नाही हे नोंदवायला अहवालात रकाना नाही.

या प्रश्नावर सीमेच्या दोन बाजूंना दोन चित्रं आहेत. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ च्या राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका असं बँकांना बजावलं आणि कारवाईचा इशारा दिला. चंदगड-गडहिंग्लजच्या शेतकऱ्याला निदान तो आधार घेऊन शाखेत बोलता येतं. बेळगाव जिल्ह्यातल्या शाखा कर्नाटकाच्या समितीखाली येतात, त्यांना हा इशारा लागू नाही. दोन्हीकडे शेती असलेल्या घरात एकाच स्कोअरवर दोन शाखांत दोन वागणुकी मिळू शकतात. स्कोअरला सीमा नाही, त्याच्यावरच्या सवलतींना मात्र आहे. पीककर्जाला स्कोअर विचारायचा की नाही, हे एकेका मुख्यमंत्र्याच्या इशाऱ्यावर न सोडता रिझर्व्ह बँकेने देशभर एकदाच स्पष्ट करायला हवं. हंगामी उत्पन्नाच्या माणसाला महिन्याच्या पगारदाराची फूटपट्टी लावणं मुळातच चुकीचं आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत सांगितलं, की पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला किमान स्कोअर हवाच अशी अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही, आणि इतिहास नाही एवढ्याच कारणाने अर्ज नाकारू नये असा सल्ला बँकांना दिला आहे. हे सगळ्या देशाला लागू आहे. पण त्याचा अर्थ बँकेने कर्ज दिलंच पाहिजे असा होत नाही. बाकीची चौकशी ती करणारच. "तुमचा सिबिलच नाही, उद्या या" असं कोणी म्हणालं, तर नकाराचं दुसरं कारण विचारण्याइतका आधार मात्र यात नक्की आहे.

चूक बँकेची असेल तर

आपल्या भागात नावांचा गोंधळ हा कायमचा विषय. पाटील, देसाई, नाईक या आडनावांची गावंच्या गावं आहेत. एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर आद्याक्षर पुढे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुने पत्ते एका स्पेलिंगचे आणि नवे दुसऱ्या. पत्त्याच्या स्पेलिंगने स्कोअर बदलत नाही. पण नाव आणि जन्मतारीख जुळल्याने दुसऱ्याच कुणाचं कर्ज आपल्या अहवालात येऊन बसणं, फेडलेलं कर्ज चालू दिसणं, हे घडू शकतं. म्हणून पूर्ण अहवाल वाचायला हवा, नुसता आकडा नव्हे.

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. चार कंपन्यांचे चार अहवाल तीन तीन महिन्यांच्या अंतराने मागवले तर वर्षभर लक्ष राहतं आणि पैसा लागत नाही. त्याहून जास्त वेळा हवा असेल तर शुल्क १०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

चूक दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने दुरुस्ती २१ दिवसांत पाठवली नाही तर भरपाई बँकेने द्यायची, आणि बँकेने वेळेत पाठवूनही काम अडलं तर कंपनीने. म्हणून तक्रारीची तारीख आणि पोच जपून ठेवायची. तोंडी सांगून आलात तर ३० दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होणार नाही. त्यानंतरही दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी १४४४८ हा फुकट क्रमांक आहे.

कार्डाबाबत आणखी तीन नियम उपयोगी पडतात. बिलाची शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्यावरच थकबाकी म्हणून नोंद पाठवता येते आणि उशिराचा दंड लावता येतो. कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि काही बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाही तर दिवसाला ५०० रुपये. आणि बिलाचं चक्र सोयीच्या तारखेला बदलून मागायचा हक्क ग्राहकाला आहे. पगार किंवा दुकानाची वसुली ज्या दिवसांत येते त्याला धरून ते बदलून घेता येतं.

कर्ज काढायच्या आधी

मोठं कर्ज काढायचं असेल तर अर्जाच्या दोन-तीन महिने आधी अहवाल मागवा. जामीनकी, विसरलेलं कार्ड, न भरलेलं वार्षिक शुल्क, फेडूनही चालू दिसणारं कर्ज, सगळं तपासा. जुन्या कर्जात तडजोड करून कमी रक्कम भरली असेल तर तिथे 'सेटल्ड' असं दिसेल. ते 'क्लोज्ड' पेक्षा वाईट धरलं जातं. जमत असेल तर उरलेली रक्कम भरून बँकेकडून ना हरकत दाखला घ्या आणि नोंद बदलून घ्या.

कार्डाची बाकी १५ तारखेच्या किंवा महिनाअखेरच्या दोन-तीन दिवस आधी उतरवा, म्हणजे पैसे जमा व्हायला वेळ मिळेल. नंतर बँकेचे सात आणि कंपनीचे पाच असे बारा दिवस जाऊ द्या. १५ चा फोटो साधारण २७ पर्यंत अहवालात यायला हवा. तो आलाय हे बघून मगच अर्ज करा. या काळात नवं कार्ड घेऊ नका, जुनं बंद करू नका, चार बँकांत एकदम विचारणा करू नका.

आणि पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. खरी नोंद पैसे देऊनही पुसली जात नाही. अशा माणसाच्या हाती आधार, पॅन आणि ओटीपी गेला तर स्कोअरपेक्षा मोठं नुकसान होईल.